“मला त्याने सांगितलं…”: फौजदारी खटल्यात ऐकीव पुरावा कसा ओळखावा, कधी अडवावा

साक्षीदाराच्या तोंडून ‘म्हणाला’, ‘सांगितलं’, ‘कळलं’ असा शब्द आला की नवा वकील ताडकन उठतो आणि हिअरसेची, म्हणजे ऐकीव पुराव्याची, हरकत घेतो. बऱ्याचदा ती हरकत चुकीच्या वाक्याला असते. खरोखर उठायला हवं होतं त्या वाक्याला तो खाली बसून टिपणं काढत असतो. ऐकलेलं सगळंच ‘ऐकीव’ नसतं, हे कॉलेजात शिकवतात. पण कोर्टात कोणतं वाक्य अडवायचं आणि कोणतं जाऊ द्यायचं, हे सिनिअरच्या मागे बसूनच शिकावं लागतं. हा लेख नुकती सनद घेऊन सेशन किंवा मॅजिस्ट्रेट कोर्टात बसू लागलेल्यांसाठी आहे. बचावाचं काम करा किंवा सरकार पक्षाचं, पद्धत एकच.

१. आधी खटला कोणत्या कायद्याखाली चालतोय ते बघा

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. पण त्याच्या कलम १७० प्रमाणे त्या तारखेला प्रलंबित असलेले तपास, खटले आणि अपिलं १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात. त्यामुळे सकाळच्या खटल्यात कलम ६० आणि दुपारच्या खटल्यात कलम ५५ असं म्हणायची वेळ येते. तत्त्व तेच असतं, फक्त आकडा बदलतो. पण चुकीचा आकडा सांगितला की न्यायाधीश आधी तेच दुरुस्त करतात आणि तोवर साक्षीदाराचं वाक्य टाईप होऊन गेलेलं असतं.

वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा, जुना आकडा आधी, नवा नंतर (पुढे लेखात नवेच आकडे वापरलेत):

- तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा: ६०, आता ५५
- एकाच घटनेचा भाग असलेल्या गोष्टी: ६, आता ४
- मयत किंवा न मिळणाऱ्या माणसाचं कथन: ३२, आता २६
- आधीच्या कार्यवाहीतली साक्ष: ३३, आता २७
- पोलिसांपुढची कबुली आणि तिच्यातून निघालेला शोध: २५ ते २७, आता २३
- इलेक्ट्रॉनिक नोंदी: ६५ ब, आता ६३
- आधीच्या जबाबाशी विसंगती: १४५, आता १४८
- आधीच्या कथनाने पुष्टी: १५७, आता १६०

‘ऐकीव पुरावा ग्राह्य नाही’ असं सरळ सांगणारं कलम या कायद्यात सापडणार नाही. ते काम कलम ५५ करतं: जी गोष्ट दिसू शकते तिच्याबद्दल पाहणाऱ्याने सांगावं, जी ऐकू येऊ शकते तिच्याबद्दल ऐकणाऱ्याने. कारण उघड आहे. शेजारीण कोर्टात आलीच नाही, तर तिला उलटतपासात ‘तुम्ही किती अंतरावर होता, उजेड होता का’ हे विचारणार कोण?

२. हाताशी काय हवं

- दोषारोपपत्राची पूर्ण प्रत. आरोपीला ती फुकट मिळते. पानं मोजून घ्या, मागची बाजू झेरॉक्समध्ये सुटलेली असते.
- प्रथम खबर आणि पोलिसांनी नोंदलेले सगळे जबाब, पुरवणी जबाबांसह.
- मॅजिस्ट्रेटपुढचे जबाब असतील तर तेही.
- दवाखान्याचे कागद: एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद, केसपेपर, शवविच्छेदन अहवाल. ‘हिस्ट्री’चा रकाना विशेष बघा.
- मृत्युपूर्व जबाब असेल तर मूळ प्रतीची चांगली झेरॉक्स. डॉक्टरचा शेरा कुठे आहे आणि किती वाजताचा आहे ते त्यातच दिसतं.
- सीडीआर (मोबाईल कॉलच्या नोंदी), सीसीटीव्ही, मोबाईलचे स्क्रीनशॉट आणि त्यांची प्रमाणपत्रं.
- दोन रंगांच्या पेन्सिली. लागतातच.

३. जबाब वाचताना वाक्यं सुटी करा

एक नमुना घेऊ. बांधावरून भांडण, खून, आरोपी चुलता. मयताचा भाऊ फिर्यादी आहे आणि सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, तो असं सांगणार आहे:

“मी घरी जेवत होतो. शेजारणीने येऊन सांगितलं, तुझ्या भावाला चुलत्याने कुऱ्हाडीने मारलं. मी पळत शेतावर गेलो. भाऊ बांधावर पडला होता. तो मला म्हणाला, चुलत्याने मारलं. तिथे जमलेली माणसं म्हणत होती, चुलता ओढ्याकडे पळाला. नंतर मामाने मला सांगितलं, की चुलता रात्री त्यांच्याकडे आला आणि माझ्या हातून झालं असं म्हणाला.”

एका दमात सांगितलेल्या या परिच्छेदात दुसऱ्याचे शब्द चार ठिकाणी आहेत आणि चारही ठिकाणी उत्तर वेगळं आहे. एका रंगाने साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं अधोरेखित करा, दुसऱ्याने दुसऱ्याचे शब्द. मग दुसऱ्या रंगाच्या प्रत्येक वाक्यापुढे समासात तीन गोष्टी लिहा: हे मुळात कोण बोललं, तो आज कोर्टात येऊ शकतो का, आणि हे वाक्य कशासाठी आणलं जातंय.

४. तिसरा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा

एखादं वाक्य *बोललं गेलं* एवढंच दाखवायचं असेल तर ते ऐकणारा साक्षीदार प्रत्यक्ष साक्षीदारच आहे. त्या वाक्यातली गोष्ट *खरी* आहे असं दाखवायचं असेल तर मात्र तो ऐकीव पुरावा झाला. यावरचा नेहमी दिला जाणारा दाखला म्हणजे सुब्रमण्यम खटला, प्रिव्ही कौन्सिल, १९५६. मलायात एका माणसाजवळ काडतुसं सापडली. दहशतवाद्यांनी धमकावल्यामुळे मी ती बाळगली, असा त्याचा बचाव होता. खालच्या कोर्टाने दहशतवादी काय बोलले ते त्याला सांगूच दिलं नाही. प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली. धमकी खरी ठरणार होती की पोकळ, हा मुद्दाच नव्हता. ती दिली गेली आणि त्याने ती ऐकली, एवढ्याने त्याच्या मनावर काय परिणाम झाला ते कळत होतं.

आता आपली शेजारीण घ्या. ‘तिने सांगितलं म्हणून मी जेवण टाकून पळालो’ एवढ्यापुरतं वाक्य आत येऊ शकतं, कारण फिर्यादी शेतावर का गेला ते त्यावरून समजतं. ‘चुलत्याने मारलं हे शेजारणीच्या बोलण्यावरून सिद्ध होतं’ असं कोणी म्हणू लागलं की तिथे थांबवायचं. शेजारणीने खरोखर पाहिलं असेल तर तिलाच पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

बचावाचे वकील इथे एक गफलत करतात. पूर्ण वाक्य अडवायच्या हट्टापायी सरकारी वकिलांना सुचवतात, की शेजारणीची साक्ष राहिलीच आहे. मग ती येते. दोषारोपपत्राच्या साक्षीदार यादीत तिचं नाव आहे का, हे हरकत घेण्याआधी बघून घ्या. नसेल तर हरकत नोंदवून गप्प बसणं शहाणपणाचं.

५. आरोपीचे शब्द वेगळ्या कप्प्यात ठेवा

‘आरोपी मला म्हणाला’ या वाक्याला हिअरसेची हरकत चालत नाही. आरोपीने स्वतःविरुद्ध केलेलं कथन ही स्वीकृती किंवा कबुली, आणि तिच्यासाठी कायद्यात स्वतंत्र दार आहे. ते शब्द पोलिसांपुढे होते का, पोलिसांच्या ताब्यात असताना होते का, धाक किंवा आमिष होतं का, अशा प्रश्नांवर तुमची हरकत उभी राहील आणि ती कलम २२, २३ खाली असेल.

मग नमुन्यातल्या शेवटच्या वाक्याचं काय? चुलता मामाला बोलला. मामाने फिर्यादी भावाला सांगितलं. तो कोर्टाला सांगतोय. इथे दोन थर आहेत. चुलता ते मामा हा थर चालतो, पण मामाच्या तोंडून. मामा ते भाऊ हा थर निखळ ऐकीव आहे. म्हणून हरकत अशी घ्या: “कथित कबुली या साक्षीदारापुढे झालेली नाही.” एवढं पुरतं.

उलट बाजूनेही लक्षात ठेवा. आरोपी अटकेनंतर भेटायला आलेल्या बहिणीला ‘मी निर्दोष आहे’ म्हणाला, हे बहिणीच्या साक्षीतून बचावाला सहसा आणता येत नाही. स्वतःच्या सोयीचं स्वतःचं बोलणं कलम १९ अडवतं.

६. मृत्युपूर्व जबाब: इथे वेळ घालवा

बांधावर पडलेला भाऊ ‘चुलत्याने मारलं’ म्हणाला आणि त्याच जखमांनी गेला. हे वाक्य कलम २६(अ) खाली आत येतं. ऐकीव पुराव्याचा हा सगळ्यात जड अपवाद. नुसत्या अशा एका जबाबावर जन्मठेप झाल्याची उदाहरणं आहेत. त्याला दुसऱ्या पुराव्याचा टेकू असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली खुशाल राव खटल्यात ठरवलं. तो खटला नागपूरचा. पण तो टेकू लागू नये इतका जबाब भरवशाचा असावा लागतो, आणि सगळी लढाई तिथेच होते. पुढच्या क्रमाने तपासा.

*मृत्यूशी संबंध.* कथन मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा ज्या घडामोडींतून मृत्यू झाला त्यांच्याबद्दल हवं, आणि त्या माणसाच्या मृत्यूचं कारण खटल्यात वादाचा विषय हवं. जखमी माणसाने फिर्याद दिली आणि तो वर्षभराने काविळीने गेला, तर त्याची फिर्याद मृत्युपूर्व जबाब होत नाही. मारहाणीच्या खटल्यांत हा घोटाळा वारंवार होतो.

*आपण मरणार हे माहीत असण्याची अट नाही.* इंग्लंडची जुनी पुस्तकं किंवा परदेशी कोर्टाच्या मालिका बघून आलेले इथे चुकतात. तिथे जुन्या कायद्यात मरण समोर दिसत असण्याची अट होती. आपल्याकडे कलमातच लिहिलंय की तशी अपेक्षा असो वा नसो. १९३९ च्या पाकला नारायण स्वामी खटल्यात मयताने घरून निघताना बायकोला आपण कुठे, कोणाकडे पैसे आणायला चाललोय ते सांगितलं होतं. पुढे त्याचं प्रेत पुरीला आगगाडीच्या डब्यात पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. तेव्हा मरणाचा विचारही त्याच्या मनात नसणार, तरी ते बोलणं ग्राह्य धरलं गेलं.

*डॉक्टरचा शेरा.* ‘रुग्ण जबाब देण्यास सक्षम’ हा शेरा नसला की जबाब बाद, असं समजू नका. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, पाच न्यायमूर्तींचं पीठ: नोंदवणाऱ्याची स्वतःची खात्री पटली असेल आणि कोर्टाचा त्यावर विश्वास बसला तर शेऱ्याविना चालतं. म्हणून नायब तहसीलदाराच्या उलटतपासात शेरा कुठंय एवढंच विचारून बसू नका. ‘तुम्ही खात्री कशी केली, कोणते प्रश्न विचारले, ते प्रश्न लिहिले का, खाटेजवळ नातेवाईक होते का, शामक इंजेक्शन कधी दिलं ते विचारलं का’ हे विचारा. केसपेपरवरची इंजेक्शनची वेळ आणि जबाबाची वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवा. जळीत प्रकरणांत या दोन वेळा खूप काही सांगून जातात.

*कितव्यांदा सांगितलंय.* दवाखान्यात आणताना डॉक्टरला एक, हवालदाराला दुसरं, नायब तहसीलदाराला तिसरं आणि रात्री आईला चौथं, असं असू शकतं. सगळ्यांचा तक्ता करा. ‘स्टोव्हचा भडका’ पहिल्या नोंदीत असेल आणि नवऱ्याचं नाव तिसऱ्या नोंदीत उगवत असेल, तर पहिली नोंद करणारा डॉक्टर तुमचा सगळ्यात मोलाचा साक्षीदार.

*पोलिसांनी घेतलेला जबाब.* जखमी असताना पोलिसांनी साधा जबाब म्हणून घेतला आणि नंतर माणूस गेला, तर पोलिसांपुढचे जबाब पुरावा म्हणून वापरायला नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८१ ची जी बंदी आहे, ती त्याला लागत नाही. त्याच कलमात तशी सूट आहे.

*माणूस वाचला तर?* मग तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही. त्याने कोर्टात यावं. जुना कागद फक्त त्याच्या साक्षीला पुष्टी द्यायला किंवा खोडायला. आंध्रातल्या बस जळीत खटल्यात, गेंटेला विजयवर्धन राव, १९९६, मॅजिस्ट्रेटने मरणासन्न समजून घेतलेले जबाब वाचलेल्या प्रवाशांच्या बाबतीत तेवढ्याच कामाला आले.

बचाव पक्षासाठी एक कलम, जे फारसं कोणी उघडत नाही: १६१. मयत माणूस पिंजऱ्यात असता तर त्याची विश्वासार्हता तुम्ही जशी पाडली असती, तशीच त्याच्या कथनाची पाडता येते. जुनं वैर, आधीची विरोधी विधानं, सगळं आणता येतं.

७. विवाहितेचा छळ: जुना निकाल वाचू नका

मुलीचा मृत्यू, आणि आई-भाऊ सांगतात की ती माहेरी आली की रडून सांगायची. वर्षानुवर्षं बचावाचे वकील इंदरपाल आणि भैरोंसिंग हे निकाल पुढे करायचे: मृत्यूच्या आरोपातून सुटका झाली की तिचं बोलणं छळाच्या कलमापुरतं वापरता येत नाही. सुरेंद्रन विरुद्ध केरळ राज्य या १३ मे २०२२ च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने ते चित्र पालटलं. आता दोन अटी बघायच्या: तिच्या मृत्यूचं कारण खटल्यात प्रश्नाचा विषय आलं होतं का, आणि तिचं ते बोलणं मृत्यूकडे नेणाऱ्या घडामोडींशी जोडलेलं आहे का. दोन्ही जुळले तर छळाच्या आरोपासाठीही ते बोलणं ग्राह्य धरता येतं. जुन्या डायजेस्टमधून निकाल उतरवून घेणाऱ्यांनी हे पान नीट वाचावं.

किती मागचं बोलणं चालतं, याला ठरीव मुदत नाही. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४, हा पुण्यातला खटला. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गेलेल्या तरुणीने लिहिलेली पत्रं न्या. फजल अली यांनी ग्राह्य धरली. आणि तरी आरोपी सुटला, कारण परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पुरी झाली नाही आणि त्याच पत्रांतून आत्महत्येची शक्यताही दिसत होती. पुरावा आत आला म्हणजे आपण हरलो, असं समजून हातपाय गाळणाऱ्यांनी हे निकालपत्र एकदा सबंध वाचावं.

८. घटनेच्या ओघातले शब्द

कलम ४. मारहाण चालू असताना कोणी ओरडलं, ‘अरे, चुलता मारतोय, धावा!’, तर ती आरोळी ऐकणारा सांगू शकतो, ओरडणारा न सापडला तरी. पण त्यात विचार करायला, सल्लामसलत करायला उसंत मिळालेली नसावी. आपल्या नमुन्यातली ‘जमलेली माणसं’ इथे बसत नाहीत. फिर्यादी पोचेपर्यंत मारहाण संपली होती, माणसं जमली होती, चर्चा सुरू झाली होती. शिवाय ती माणसं कोण, हेही साक्षीदाराला सांगता येत नाही. हे वाक्य पूर्ण अडवा.

गावाकडच्या साक्षीत ‘लोक म्हणत होते’ हे फार येतं. साक्षीदार खोटं बोलत नसतो, त्याला ती खरीच बातमी वाटते. त्याच्यावर आवाज चढवू नका. हरकत कोर्टाला सांगायची असते.

९. पोलीस, डॉक्टर, पंच

तपासी अंमलदार ‘गुप्त बातमीदाराकडून बातमी मिळाली’ म्हणतो, ते छापा का टाकला हे सांगण्यापुरतं चालतं. बातमीदार कोण, हे सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणून तो हट्ट धरू नका. बातमीतला मजकूर पुरावा म्हणून वाचला जाणार नाही, एवढं पक्कं करा.

याहून धोक्याचं पुढचं. साक्षीदार फितूर होतो, सरकारी वकील त्याला पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवतात, तो नाकारतो. मग अंमलदार येऊन सांगतो, ‘त्याने मला असा जबाब दिला होता.’ जबाबातल्या त्या खूण केलेल्या भागाला, पोर्शन मार्क ‘अ’ला, निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) पडते. एवढ्याने खून पाहिल्याचा पुरावा तयार होत नाही. साक्षीदार आधी वेगळं बोलला होता, एवढंच त्यातून कळतं. युक्तिवादात कोणी तो मजकूर पुरावा म्हणून वाचू लागलं तर लगेच उठा.

डॉक्टर जखमा सांगेल, त्या कोणत्या हत्याराने होऊ शकतात हेही सांगेल. पण ‘हिस्ट्री: चुलत्याने मारले’ ही नोंद कोणी दिली? रुग्णाने दिली आणि तो गेला, तर ती मृत्युपूर्व जबाबासारखी तपासायची. सोबतच्या मेव्हण्याने दिली, तर मेव्हण्याला बोलवावं लागेल.

इथे एक सापळा आहे. सरकारी वकील सौजन्याने विचारतात, ‘शवविच्छेदन अहवाल मान्य करता का, डॉक्टरचा वेळ वाचेल.’ संहितेच्या कलम ३३० खाली, म्हणजे जुन्या २९४ खाली, खरेपणा मान्य केला की तो अहवाल डॉक्टरशिवाय पुरावा म्हणून वाचता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने शेख फरीद खटल्यात म्हटलंय. सही करण्याआधी सगळे रकाने वाचा. अडचणीचा असेल तर डॉक्टर येऊ द्या.

पंचाचं थोडक्यात. त्याने जे पाहिलं ते. पंचनाम्यात ‘फिर्यादीने जागा दाखवून सांगितले की येथेच आरोपीने…’ असं असतं, त्यातला सांगितलेला भाग बाजूला काढायचा. आरोपीने काढून दिलेल्या हत्याराच्या निवेदनातून फक्त शोधाशी थेट जोडलेला भाग उरतो.

आणि लहान मुलांच्या खटल्यांत: मुलीने आईला सांगितलेलं आई सांगू शकते, पण मुलगी स्वतः साक्षीला आली असेल तर, आणि पुष्टी म्हणून. १९५२ च्या रामेश्वर खटल्यापासून हे चालत आलंय. आईची साक्ष आधी होते आणि मुलीची नंतर होतच नाही, अशा वेळी आईच्या साक्षीतला तो भाग टेकूशिवाय लोंबकळतो.

१०. मोबाईल आणि कागद

कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं की व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट चालतो, हे अर्धसत्य आहे. प्रमाणपत्राने नोंद कोर्टात येते. तिच्यातला मजकूर खरा आहे, हे प्रमाणपत्र सांगत नाही. तिसऱ्या माणसाने ‘काल चुलत्याने धमकी दिली’ असा मेसेज टाकला असेल तर तो तिसरा माणूसच हवा. आरोपीचा स्वतःचा मेसेज असेल तर वरच्या पाचव्या पायरीप्रमाणे. सीसीटीव्हीत कोणी काही ‘सांगत’ नाही, तिथे हिअरसे विसरा आणि प्रमाणपत्राकडे बघा. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने, २०२०, प्रमाणपत्राची सक्ती पक्की केली. आता नव्या कायद्याच्या अनुसूचीत त्याचा नमुना दोन भागांत दिलाय, दुसरा भाग तज्ज्ञाचा. दुसरा भाग कोरा सोडलेला असतो का ते बघत जा.

११. हरकत कशी, केव्हा

वाक्य टाईप होण्याआधी. उभे राहा, एक ओळ बोला, कारण सांगा, बसा. उदाहरणार्थ: “साक्षीदाराने ही बाब स्वतः पाहिलेली नाही, सांगणारी व्यक्ती साक्षीदार नाही, सबब कलम ५५ प्रमाणे हरकत. नोंद व्हावी.”

पूर्वी बिपिन शांतिलाल पांचाळ खटल्याच्या, २००१, धर्तीवर हरकत नोंदवून निर्णय शेवटी घ्यायची पद्धत होती. २०२१ साली फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबतच्या स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रश्नाला घेतलेली हरकत तेव्हाच किंवा निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना निकाली काढावी. कोर्ट ‘शेवटी बघू’ म्हणालं तर नम्रपणे या निकालाची आठवण करून द्या. आग्रह ताणू नका. नोंद झाली का ते मात्र साक्ष वाचून सही होण्याआधी स्वतः बघा. मराठीत टंकलेल्या साक्षीत ‘हरकत घेण्यात आली’ हे तीन शब्द नसतील तर वरच्या कोर्टात ती घेतलीच नव्हती असं धरलं जाईल.

१२. उलटतपासात स्वतः दार उघडू नका

‘मग तुम्हाला कसं कळलं?’ हा प्रश्न नव्या वकिलांच्या तोंडून हमखास निघतो. उत्तर येतं, ‘सगळ्या गावाने सांगितलं, चुलत्यानेच मारलं.’ ते आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याऐवजी बंद प्रश्न घ्या: ‘घटना घडली तेव्हा तुम्ही घरी होता? घरातून शेत दिसत नाही? मारताना तुम्ही कोणाला पाहिलं नाही?’ तीन होकार घ्या आणि पुढे सरका.

साक्षीदार कोर्टात जे सांगतोय ते पोलिसांच्या जबाबात नसेल, विशेषतः ‘भाऊ मला म्हणाला’ हे वाक्य, तर ते वगळणं साक्षीदारापुढे ठेवा आणि नंतर अंमलदाराकडून सिद्ध करून घ्या. दुसरी पायरी विसरली तर पहिलीचा उपयोग शून्य.

१३. युक्तिवादाची टिपणी

प्रत्येक साक्षीदाराची साक्ष घ्या, ऐकीव वाक्यं कंसात टाका आणि उरलेलं सलग वाचा. उरलेल्यावर आरोप उभा राहतो का, तेवढंच कोर्टापुढे मांडा. निशाणी पडली म्हणजे मजकूर सिद्ध झाला असं नाही, हेही सांगा. ही टिपणी लेखी द्या, कारण कलम १६९ प्रमाणे एखादा पुरावा चुकीने आत घेतला एवढ्यावरून निकाल उलटत नाही. तो बाजूला ठेवून उरलेला पुरावा निकालाला पुरेसा होता का, हे अपिलाचं कोर्ट बघतं. शिक्षा झालीच, तर अपिलाचा मेमो लिहायला बसाल तेव्हा हीच टिपणी समोर ठेवा: कोणत्या साक्षीतलं कोणतं वाक्य, कोणत्या पानावर, हरकत नोंदली आहे की नाही.